पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात: बदक-कोंबड्या-मासे एकत्र असलेल्या शेततळ्यात काय तपासायचं

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या सकाळपासून बेळगाव जिल्ह्यात, निपाणीपासून खानापूरपर्यंत, एकच प्रश्न ऐकू येतो: काल संध्याकाळी मासे चांगले पळत होते, आज पहाटे सगळे वर आलेत, कुठलं औषध टाकू? औषध टाकू नका. बहुतेक वेळा हा रोग नसतो. तळ्याला रात्रभरात जेवढं पचतं त्यापेक्षा जास्त शेण, विष्ठा आणि खाद्य आत गेलेलं असतं, एवढंच. म्हणून तर हा बिघाड दोन-चार दिवस गायब होतो आणि आभाळ भरून आलं की परत येतो.

आधी लक्षणं

पहाटे चार ते सातच्या दरम्यान काठावर उभं राहिलं की पुच-पुच असा बारीक आवाज येतो. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि कटला आधी वर येतात, रोहू त्यांच्या मागून, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) सगळ्यात शेवटी. टाळी वाजवली तर खाली जातात, पण मिनिटभरात परत वर येतात. आठ-नऊ वाजता ऊन चढलं की पाणी पुन्हा शांत होतं, आणि मालकालाही वाटतं की झालं, गेलं. तळ्यात गोड्या पाण्यातली कोळंबी सोडली असेल तर ती पहाटे काठाला चिकटून बसलेली दिसते. गोगलगायी पाण्यातल्या बांबूवर चढून बसतात. आदल्या दिवशीचं खाद्य तसंच शिल्लक राहतं.

मर झालीच तर मोठे मासे आधी जातात आणि बोटुकल्या (बोटभर पिल्लं) वाचतात. हे लक्षात ठेवा, कारण विषबाधेत असं होत नाही. विष आलं असेल तर लहान-मोठे सगळे जातात, सोबत बेडूक आणि पाणकिडेही मेलेले सापडतात.

दुपारी भर उन्हातही मासे वर असतील, गिरक्या घेत असतील, अंगावर जखमा असतील किंवा कल्ले सडले असतील, तर प्रकरण वेगळं आहे. मधलं सगळं सोडून शेवटचा भाग आधी वाचा.

आज पहाटेच मासे वर असतील तर

खाद्य बंद. बदकं खुराड्यात कोंडा. मोटर लावून तळ्यातलंच पाणी वर उचलून परत तळ्यात उडवा. पाइपाचं तोंड थेट पाण्यात सोडून काही होत नाही. पाणी हवेत फुटलं पाहिजे. दोन बांबूंवर भोकं पाडलेला जुना पत्रा आडवा बांधा आणि त्यावर पाणी सोडा, म्हणजे ते पावसासारखं पडेल. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाचं पाणी ओढणारं टोक, तळाला ठेवू नका, पृष्ठभागापासून फूटभर खाली ठेवा. तळाचं पाणी सर्वात घाण असतं आणि ते वर आणलं तर उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. पत्र्याखाली जिथे पाणी पडतं तिथे मासे गोळा होतात. तेवढा कोपरा वाचला की पुष्कळ मासे वाचतात, अख्खं तळं एकदम सुधारायच्या नादी लागू नका.

बोअरचं पाणी सोडत असाल तर तेही त्याच पत्र्यावरून सोडा. खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, उलट कार्बन डायऑक्साइड आणि कधीकधी लोह असतं. "ताजं पाणी सोडलं तरी मासे मेले" अशी तक्रार असते तिथे बहुधा पाइप सरळ तळाला सोडलेला असतो.

या घडीला तीन गोष्टी टाकायच्या नाहीत. मोरचूद टाकलं तर शेवाळ एका फटक्यात मरतं, आणि मेलेलं शेवाळ सडताना जो ऑक्सिजन खातं तो तळ्यात असतोच कुठे? पोटॅशियम परमँगनेट ऑक्सिजन देत नाही, पाणी फक्त जांभळं दिसतं. आणि चुना. चुन्याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण सगळ्यात जास्त मासे चुकीच्या वेळी टाकलेल्या चुन्याने गेलेत.

हे होतं तरी का

२० गुंठ्यांचं, दीड मीटर पाण्याचं तळं घ्या. म्हणजे सुमारे ३० लाख लिटर पाणी. संध्याकाळी लिटरमागे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असेल तर अख्ख्या तळ्यात मिळून तो जेमतेम १५ किलो भरतो. रात्रभर नवीन काही मिळत नाही, कारण हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हातच ऑक्सिजन बनवतं. रात्री तेच शेवाळ श्वास घेऊन तो खात बसतं.

तळ्यात ५०० किलो मासा असेल तर तो रात्रभरात दोनेक किलोच ऑक्सिजन घेतो. बाकीचा जातो शेवाळाला आणि तळाच्या गाळाला. म्हणून "मासे जास्त झाले" हे अर्धंच कारण. विष्ठा आणि खाद्य जास्त झालं, त्यामुळे शेवाळ जास्त झालं, गाळ जास्त झाला, आणि मासे त्यात अडकले.

नुसत्या माशांच्या तळ्यात मालक आभाळ बघून खाद्य थांबवतो आणि निभावतं. एकत्रित तळ्यात बदकं आणि कोंबड्या आभाळ बघत नाहीत. ५० बदकं रोज साधारण सात किलो ओली विष्ठा टाकतात, १०० अंड्याच्या कोंबड्या दहा-बारा किलो. तळ्यावर पिंजरा बांधला म्हणजे नळ उघडा ठेवून झोपल्यासारखं आहे. सलग चार दिवस ढग राहिले की खत पडत राहतं आणि ऑक्सिजन बनणं थांबतं.

आणखी एक स्थानिक बाब. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. हवा विरळ, म्हणून २८ अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन सात मिलिग्रॅमच्या आसपासच थांबतो, किनारपट्टीपेक्षा साधारण आठ टक्के कमी. कोकणातल्या तळ्याला चालणारी बदकांची संख्या इथे जशीच्या तशी उतरवली तर पहिल्या ढगाळ आठवड्यात हिशोब चुकतो.

फुकटातल्या तपासण्या

सकाळी दहाच्या सुमारास, ऊन असताना, हात सरळ पाण्यात घाला. तळवा उघडा ठेवा आणि हळूहळू खाली न्या. पाणी कोपरापर्यंत आलं आणि तळवा दिसेनासा झाला तर हिरवेपणा बरोबर आहे. मनगट बुडताच तळवा गायब होत असेल तर शेवाळ फार दाट आहे. कोपराच्या वरपर्यंत हात गेला तरी तळवा दिसत असेल तर पाणी उपाशी आहे, तिथे ऑक्सिजनची तक्रार सहसा नसते. अंदाज नको असेल तर २० सेंटिमीटर व्यासाची, चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवलेली पत्र्याची तबकडी दोरीला बांधून सोडा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक, २० च्या आत असेल तर आज रात्रीच जागं राहायची तयारी ठेवा.

पाण्याचा रंगही बघा. काल पोपटी हिरवं असलेलं पाणी आज तपकिरी किंवा एकाएकी नितळ झालं असेल तर शेवाळ एकदम मेलंय. हा सगळ्यात धोक्याचा रंग. पुढच्या दोन-तीन रात्री पत्रा आणि मोटर तयार ठेवा.

पाणी गढूळ आहे ते शेवाळाने की मातीने, हेही तपासा. काचेच्या बाटलीत भरून दिवसभर ठेवा. मातीचा गढूळपणा अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत नेहमीचा. बाटली तशीच मळकट राहते, रंग राखाडी. शेवाळाचं पाणी हिरवट असतं आणि उजेडाकडे धरलं की बारीक कण हलताना दिसतात. मातीने गढूळ झालेल्या पाण्यात ऊन आत शिरत नाही, शेवाळ वाढत नाही, दिवसाचा ऑक्सिजनही बनत नाही. अशा तळ्यात आणखी शेण टाकलं की पाणी हिरवं होत नाही, फक्त सडतं. जिप्सम किंवा तुरटीने पाणी बसतं, पण किती लागेल हे आधी बादलीत थोडं थोडं टाकून बघा. तुरटीने पाणी आंबट होतं, म्हणून जिप्सम बरं.

आता आत काय जातंय ते मोजा. वहीत लिहा, तोंडी नको. हेक्टरी २०० ते ३०० बदकं हा नेहमीचा आकडा, म्हणजे २० गुंठ्यांना ४० ते ६०. कोंबड्या हेक्टरी ५०० ते ६००, म्हणजे इथे १०० ते १२०. गाई हेक्टरी तीन-चार, म्हणजे २० गुंठ्यांना फार तर एक. यातली चूक नेहमी एकच असते: हे आकडे "किंवा" चे आहेत, "आणि" चे नाहीत. ५० बदकं आणि १०० कोंबड्या आणि गोठ्याचं धुणं तळ्यात, असं झालं की खत तिप्पट होतं. दोन प्रकार ठेवायचे तर दोन्ही निम्मे करा. कृषी होंड्याच्या (कन्नडमध्ये शेततळ्याच्या) २१ बाय २१ मीटरच्या तळ्याला तर दहा बदकं पुरतात. तिथे पंचवीस सोडलेली दिसतात, कारण अंडी विकली जातात. अंड्यांचा हिशोब वेगळा आणि तळ्याचा वेगळा ठेवा.

बदकं किंवा कोंबड्या असताना वरून शेण टाकायची गरज नसते. "तळं तयार करताना टाकलं होतं, म्हणून दर पंधरवड्याला चालू ठेवलं" हे थांबवा.

सात दिवस शेण पूर्ण बंद, खाद्य निम्मं, खुराड्याची विष्ठा बाहेर. सात दिवसांनी पहाटे मासे वर येत नसतील तर तुमचा बिघाड सापडला आणि दुरुस्तही झाला, एक रुपया न घालता. पुढच्या तपासण्या करू नका. फक्त खुराड्याखालची सोय बदला: पिंजऱ्याच्या तळाशी ताडपत्री किंवा पत्र्याचा सरकता ट्रे बसवा, मागच्या बाजूला उतार द्या. ऊन असेल तेव्हा ट्रे काढा, आभाळ आलं की सरकवा. विष्ठा ट्रेवरून बांधावरच्या खड्ड्यात पडेल आणि ती केळीला किंवा उसाला घालता येते. हा ट्रे म्हणजे नळाची तोटी. एकत्रित तळ्यात याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी नसते.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

खाद्य ओंजळीने फेकू नका. सुतळीच्या पिशवीत किंवा ट्रेमध्ये भाताचा कोंडा आणि शेंगपेंड समसमान मिसळून, पाण्याखाली हातभर टांगा. दोन तासांनी उचलून बघा. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी करा. माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के हा कागदावरचा आकडा. बदकांच्या तळ्यात तेवढं लागत नाही, आणि ढगाळ दिवशी काहीच लागत नाही.

गवत्यासाठी (ग्रास कार्पसाठी) गवत टाकायचं तर बांबूची चौकट करून तिच्यातच टाका. गवत्या हावरा मासा, पण देठ सोडतो. हत्ती गवताचे जाड बुंधे, उसाचं वाडं, मक्याचे दांडे तळाला जाऊन कुजतात. चौकट असली की उरलेलं उचलून बाहेर काढता येतं. आणि गवत्याची विष्ठा हेही खतच आहे, हे हिशोबात धरा. भरपूर गवत घालत असाल तर बदकं त्या प्रमाणात कमी करा.

पाण्यावर जलपर्णी, अझोला किंवा शेवाळाची चादर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाली असेल तर काढून टाका. ती ऊन अडवते आणि वाऱ्याचं पाण्याला लागणंही थांबवते. वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: पश्चिमेच्या बांधावर दाट झाडं नसावीत. मान्सूनचा वारा तिकडूनच येतो आणि तोच फुकटचा एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, आहे. शिवाय सागवान, आंबा, बांबू यांचा पाला तळ्यात पडतो. केळी, शेवगा बांधाच्या बाहेरच्या उतारावर लावा.

मग गाळ. तळ्यात चार-पाच ठिकाणी सरळ काठी टेकवून तळाच्या चिखलाची उंची मोजा. वीतभर काळा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा गाळ असेल तर तळाचा ऑक्सिजन रोज तोच संपवतो आणि वळवाच्या पावसात त्याचा विषारी वायू वर येतो. वळवाचंही कारण इथेच आहे. उन्हाने वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड, दोघांची गाठ पडत नाही. संध्याकाळी गारांसकट पाऊस आला की वरचं पाणी एकदम थंड होऊन खाली जातं, खालचं घाण पाणी वर येतं. खोल तळ्यात हे जास्त जाणवतं, तीन मीटरच्या शेततळ्यात तर हमखास.

भर तळ्यात गाळ काढता येत नाही. तात्पुरतं म्हणून दोघे दोन्ही काठांवरून दोरीला लोखंडी साखळी बांधून तळ खरवडतात, त्याने अडकलेले वायू थोडे थोडे सुटतात. हे करायचं तर कडक उन्हात, सकाळी दहा ते बारा, तळ्याचा एकच कोपरा, दुसऱ्या दिवशी दुसरा. ढगाळ दिवशी साखळी ओढली तर त्याच संध्याकाळी मासे उलटतील. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साखळी घालू नका.

किट घेऊन करायच्या तपासण्या

पीएच म्हणजे पाणी आंबट की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा. त्याची पट्टी किंवा थेंबांचं किट मत्स्यबीज विकणाऱ्यांकडे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. पहाटे आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा मोजा. पहाटे पीएच ७.५ आणि दुपारी ९.५ असा आला तर शेवाळ दाट आहे, हाताची चाचणी बरोबर होती.

आता चुना. खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत पाणी आंबट असतं. पीएच सातच्या खाली असेल तर चुना उपयोगी, २० गुंठ्यांना महिन्याला दहा किलो चुनखडीची भुकटी पुरेशी. पण चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत पाणी आधीच अल्कधर्मी. तिथे विष्ठेचा अमोनिया असताना चुना टाकला तर काय होतं ते आकड्यात बघा: २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, ८ ला सहा-सात टक्के, ९ ला चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाण्यात अमोनिया तेवढाच असतो, चुन्याने तो फक्त जालीम होतो. "चुना टाकला की पाणी शुद्ध" हा सल्ला खानापुरात ऐकायला ठीक, अथणीत मोजल्याशिवाय ऐकू नका.

ऑक्सिजनचं किट किंवा मीटर शेजारच्या दोन-तीन तळेवाल्यांनी मिळून घ्या, एकट्याला परवडलं तरी ते रोज लागत नाही. मोजायची युक्ती अशी: संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला, एकाच जागी, फूटभर खोलीवर. समजा सहाला लिटरमागे ८ मिलिग्रॅम आला आणि दहाला ६. चार तासांत दोन कमी झाला, म्हणजे तासाला अर्धा. पहाटे सहापर्यंत आणखी आठ तास, म्हणजे चार कमी होऊन २ उरेल. तीनच्या खाली जाणार असं दिसलं की मध्यरात्रीच मोटर सुरू करा, पहाटेपर्यंत वाट बघू नका. रात्री दहाला कळतं आणि चारला उठावं लागत नाही, हा त्याचा फायदा.

अमोनियाचं किट असेल तर त्यासोबत नायट्राइटचंही (अमोनियापासून बनणाऱ्या दुसऱ्या विषाचंही) बघा. मासा धरून कल्ल्यावरचं झाकण उचला: लालभडक असेल तर ठीक, चॉकलेटी असेल तर रक्तात नायट्राइट गेलंय. त्यावर साधं मीठ चालतं, एका गुंठ्याला मीटरभर पाण्यासाठी आठ किलोच्या आसपास, विरघळवून चारी बाजूंनी. पण हे तळ्याचं पाणी पिकाला जात असेल तर आधी विचार करा.

माशांची संख्या

इथपर्यंत सगळं ठीक असून मासे वर येत असतील तर जाळं मारा. ओढजाळ्याने तीसेक मासे काढून वजन करा, सरासरी काढा, सोडलेल्या बोटुकल्यांच्या पाऊणपटीने गुणा. एअरेटर नसलेल्या २० गुंठ्यांच्या तळ्यात ५०० किलोच्या वर मासा गेला की मोठे काढून विका. निपाणी, बेळगावच्या बाजारात अर्धा-पाऊण किलोचा मासाही खपतो, किलोभर होईपर्यंत थांबायचा हट्ट उन्हाळ्यात महागात पडतो.

पुढच्या वर्षी बीज सोडताना २० गुंठ्यांना १,२०० बोटुकल्या पुरे: कटला ३००, चंदेरा १५०, रोहू ३६०, मृगळ १८०, सायप्रिनस १२०, गवत्या ९०. चंदेरा आणि कटला दोघेही वरच्या थरातलं खातात, चंदेरा स्वस्त मिळतो म्हणून वाढवला की कटला खुरटतो. प्लास्टिकच्या तळ्यात तळाला चिखल नसतो, त्यामुळे मृगळ आणि सायप्रिनस निम्मे करा. थाई मागूर कोणी देऊ केला तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे. शिवाय तो हवेतून श्वास घेतो, म्हणजे पाणी पार सडलं तरी तो मजेत राहील आणि तुम्हाला बिघाड कळणारच नाही.

बाहेरून काय येतंय

नाल्याचं किंवा कालव्याचं पाणी घेत असाल तर वरच्या बाजूला एकदा चालून या. गुऱ्हाळाचं धुणं, साखर कारखान्याकडून झिरपलेलं मळीचं पाणी, गोठ्याचं वाहणं, यातलं काहीही तळ्यात आलं तर वरचे सगळे हिशोब फोल. मळीच्या पाण्याला आंबूस गोड वास येतो आणि रंग तांबूस तपकिरी. पहिल्या दोन पावसांचं पाणी तळ्यात घेऊच नका, सोडून द्या; शेतातली फवारणी त्यातच असते.

यंत्र आणि मोठी कामं

एअरेटर शेवटी. २० गुंठ्यांना एक एचपीचा पंख्याचा एअरेटर पुरतो. मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत, आणि उन्हाळ्यात दुपारी बाराला तासभर, म्हणजे वरचं-खालचं पाणी रोज थोडं मिसळत राहतं आणि वळवाला एकदम पलटी होत नाही. शेतीची थ्री फेज ठरावीक तासच असते आणि नेमकी पहाटे ती नसू शकते, म्हणून घरगुती सिंगल फेजवर चालणारं यंत्र घ्या किंवा डिझेल पंप हाताशी ठेवा. पण ट्रे न बसवता, बदकं न कमी करता एअरेटर घेतला तर वीजबिल भरून शेण पचवल्यासारखं होतं.

मासे काढल्यावर, चैत्र-वैशाखात, तळं कोरडं करून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा. वीतभरापेक्षा जास्त गाळ काढून उसाला किंवा भाजीला टाका. प्लास्टिकचं तळं असेल तर फावडं नको, झाडू आणि पंप. तिथे एक सूचना हजारदा केली तरी कमी: तीन मीटर खोल प्लास्टिकच्या तळ्याची बाजू शेवाळाने साबणासारखी होते. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि जुन्या टायरांची शिडी सोडून ठेवा, आणि तळ्यावर एकट्याने रात्री जाऊ नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

दोन रात्री पाणी उडवूनही मर चालूच असेल. दुपारी मासे वर असतील. अंगावर लाल जखमा, सडलेले कल्ले, पांढरे डाग किंवा चिकटलेल्या चपट्या उवा दिसत असतील. मासे गिरक्या घेत असतील किंवा बेडूक मेले असतील. कोंबड्या किंवा बदकंही एकदम मरू लागली असतील. पाखरं मरत असतील तेव्हा माशांचा विचार बाजूला ठेवा, मेलेलं पाखरू हाताळू नका आणि थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पाण्यातल्या मोटरीचा झटका जाणवला तर फ्यूज काढा, तार सुकली म्हणून स्वतः हात घालू नका, परवाना असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

माशांचं यातलं काही असेल तर तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत जा. तिथे पाटी कन्नडमध्ये "मीनुगारिके इलाखे" अशी असते, आणि अर्जात शेततळ्याला "कृषी होंडा" लिहायचं. बेळगाव जिल्ह्यात मत्तिकोप आणि तुक्कानट्टी इथली कृषी विज्ञान केंद्रं जवळ असतील तर तिथेही विचारता येतं.

जाताना मेलेला, फुगलेला मासा नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. वर येऊन धापणारे दोन-तीन जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात, अर्धी हवा भरलेल्या पिशवीत न्या. शेजारी एक लिटरची स्वच्छ बाटली, काठाच्या नव्हे, मधल्या पाण्याने काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. विषबाधेचा संशय असेल तर बाटली बर्फात ठेवा आणि तोवर तळ्यातला मासा ना खा, ना विका. आणि ती वही न्या, ज्यात बदकं किती, कोंबड्या किती, शेण शेवटी कधी टाकलं आणि पाऊस कोणत्या संध्याकाळी पडला हे लिहिलंय. साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात.